सिकलसेलला ‘कॅन्सरची गोळी’ का देतात?

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रक्ततपासणीचे शिबिर होते. गर्दी ओसरल्यावर एक बाई आठवीतल्या मुलीचा हात धरून माझ्यासमोर बसली. मुलीचे डोळे पिवळे, ओठ पांढरे. फाइल उघडली तर पॅटर्न ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलची रुग्ण. दोन वर्षे गोळी सुरू होती, मागचे चार महिने बंद.

“काहून बंद केली ताई?” मी विचारले.

“सिस्टर, मेडिकलवाल्यानं सांगतलं का हे कॅन्सरची गोळी हाये. माह्या पोरीले का कॅन्सर झाला हाये? मंग तुमी लोकं तिले हे काहून देता?”

त्या चार महिन्यांत मुलगी दोनदा भरती झाली होती. हाडे इतकी दुखायची की रात्र रात्र ती गुडघे पोटाशी घेऊन रडायची, असे आई सांगत होती. घाबरून गोळी बंद केली ती पोरीच्या काळजीनेच.

मेडिकलवाला खोटे बोलला नव्हता, पण त्याने अर्धेच सांगितले. उरलेले अर्धे सांगण्याचे काम आम्हा नर्स-डॉक्टरांचे होते आणि ते आम्ही केले नव्हते. मी स्वतः वॉर्डात असताना ही पाकिटे शेकडो वेळा पेशंटच्या हातात ठेवली आहेत. “रोज घ्या, पाणी भरपूर प्या,” एवढेच बोलायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. ज्या आईला कारण माहीत नाही, तिची गोळी कोणाच्याही एका शब्दाने बंद पडते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर त्या गोळीचे कारण सांगते. थोडे विज्ञान येईल, पण शांतपणे वाचले तर अवघड नाही.

आजार एका अक्षराचा

आपल्या रक्तातल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असते. ते प्राणवायू वाहून नेते. हे हिमोग्लोबिन कसे बनवायचे याची कृती पेशीच्या डीएनएमध्ये लिहिलेली असते. सिकलसेलमध्ये त्या कृतीतले एक अक्षर बदललेले असते, फक्त एक. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला सहावा मणी वेगळा पडतो. प्राणवायू सोडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्यांसारखे ताठ होते आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही, आणि तीच ती जीवघेणी दुखण्याची वेळ, ज्याला आपण ‘क्रायसिस’ म्हणतो. चांगली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलची पेशी १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून डोळे पिवळे आणि अंगात रक्त कमी.

विळ्याच्या आकाराच्या या पेशी १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी नोंदवल्या. त्यांचा पेशंट ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. आपल्याकडे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. विदर्भात हा आजार आदिवासी समाजांत आहे तसा आपल्या बौद्ध घरांतही आहे. याचे कारण पूर्वजन्म नाही, कोणाचे पाप नाही आणि ‘रक्त अशुद्ध’ तर मुळीच नाही. ज्याला हे अक्षर आई किंवा बाप अशा एकाच बाजूने आले, तो ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे वाहक जगले, आणि ते अक्षर आपल्यापर्यंत आले. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता चारात एक असते.

मज्जेत रोज चालणारे नकलेचे काम

लाल पेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात. निरोगी मोठ्या माणसाच्या मज्जेतून दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या लाल पेशी बाहेर पडतात. सिकलसेलमध्ये पेशी लवकर फुटतात, म्हणून मज्जेला याहून कितीतरी जास्त राबावे लागते.

नवी पेशी बनते ती जुन्या पेशीचे दोन भाग होऊन. पण दोन भाग करण्याआधी पेशीला आपल्या सगळ्या डीएनएची नक्कल काढावी लागते, म्हणजे दोघींना एक-एक पूर्ण प्रत मिळेल. एका पेशीत सुमारे ६४० कोटी अक्षरे असतात. हे काम टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात पेशी वाढते आणि तयारी करते. दुसऱ्यात डीएनएची नक्कल होते. याला ‘एस’ टप्पा म्हणतात. तिसऱ्यात नक्कल नीट झाली का ते तपासले जाते. चौथ्यात पेशी दुभंगते. या फेऱ्याला पेशीचक्र म्हणतात. प्रत्येक टप्प्याच्या दाराशी तपासणी असते. काम अपुरे असेल तर पुढे सोडत नाहीत.

नक्कल काढायला दोन गोष्टी लागतात. एक, अक्षरांचा कच्चा माल. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. एका पेशीतला डीएनएचा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. शिलाई करणाऱ्या बायांना माहीत आहे, एवढा धागा बॉबिनवर गुंडाळला नाही तर गुंता होतो. पेशीतही तशाच बॉबिन असतात. त्यांना हिस्टोन म्हणतात. धागा दुप्पट झाला की बॉबिनही दुप्पट लागतात, आणि त्याच वेळी लागतात. आधी बनवून साठवल्या तर पेशीला अपाय, उशिरा आल्या तर धाग्याचा गुंता.

चिठ्ठ्या आणि त्या धरणारे हात

ही वेळ साधते कोण? इथे आरएनए येतो. डीएनए म्हणजे कुलुपातले मोठे रजिस्टर. ते बाहेर काढत नाहीत. जे बनवायचे असेल तेवढ्याची एक चिठ्ठी लिहून कामाच्या जागी पाठवतात. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. पण चिठ्ठी लिहिली म्हणजे काम झाले असे नाही. चिठ्ठी किती वेळ टिकणार, कधी वाचली जाणार आणि कधी फाडली जाणार, हे ठरवणारी प्रथिने वेगळी असतात. ती चिठ्ठीला जाऊन धरतात. त्यांना आरएनए धरणारी प्रथिने म्हणू. पेशीचक्राचा बराच ताबा या हातांकडे असतो.

त्यांतले एक प्रथिन ‘एचयूआर’. पेशीला एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात ढकलणारी सायक्लिन नावाची प्रथिने असतात. सायक्लिनची चिठ्ठी एचयूआरने धरून ठेवली तर ती टिकते आणि पेशी पुढे सरकते. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींत हे दाखवले. एचयूआर कमी केले तेव्हा त्या पेशींची वाढ मंदावली.

दुसरे प्रथिन आपल्या गोष्टीसाठी जास्त महत्त्वाचे. त्याचे नाव ‘एसएलबीपी’. हिस्टोनच्या, म्हणजे बॉबिनच्या चिठ्ठीचे शेवटचे टोक केसांच्या आकड्यासारखे वळलेले असते. एसएलबीपी फक्त तोच आकडा ओळखते आणि धरते. नक्कल सुरू होण्याच्या सुमारास हे प्रथिन पेशीत वाढते, बॉबिनच्या चिठ्ठ्या सांभाळते, त्या वाचायला मदत करते आणि नक्कल संपली की पेशी ते मोडून टाकते. म्हणून धागा आणि बॉबिन यांचा मेळ बसतो.

गोळी नेमके काय करते

आता आपली गोळी. औषधाचे नाव हायड्रॉक्सीयुरिया. अक्षरांचा कच्चा माल बनवणारे एक एन्झाइम पेशीत असते. ही गोळी त्या एन्झाइमचे काम रोखते. अक्षरांचा साठा कमी पडतो आणि ‘एस’ टप्प्यात असलेल्या पेशीची नक्कल मंदावते किंवा थांबते.

मग पेशी काय करते? प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना हे औषध दिले की थोड्याच वेळात बॉबिनच्या चिठ्ठ्या फाडल्या जाऊ लागतात. फाडण्याच्या कामातही एसएलबीपीचा हात असतो. जे प्रथिन चिठ्ठी सांभाळत होते, तेच आता तिचा नाश करणाऱ्यांना बोलावते. धागा बनत नाही तर बॉबिन कशाला, असा हा सरळ हिशेब आहे. तपासणीची दारेही बंद होतात. म्हणजे गोळीने नक्कल अडली तरी पेशी अर्धवट प्रत घेऊन पुढे धावत नाही, ती थबकते. काही पेशी मरतात. पण हे औषध काही तासांतच रक्तातून ओसरते, आणि थबकलेल्या पेशींचे काम पुन्हा सुरू होते. म्हणून ते रोज घ्यावे लागते.

ज्या पेशी भराभर दुभंगतात, त्यांच्यावर या औषधाचा परिणाम जास्त. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, म्हणून तिथे हे औषध दिले जाऊ लागले. अमेरिकेत १९६७ मध्ये त्याला कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. ‘कॅन्सरची गोळी’ हे नाव तिथून पडले. नाव खरे आहे, पण कामाचा एक भागच सांगते.

बाळाचे हिमोग्लोबिन परत येते

१९४८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांना सुरुवातीचे महिने फारसा त्रास होत नाही. आपल्या बायांनाही हे ठाऊक आहे. बाळ सहा-आठ महिने चांगले असते, मग एक दिवस हातापायाचे पंजे सुजतात. कारण असे की पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्याला एचबीएफ म्हणतात. ते सिकलच्या हिमोग्लोबिनला एकमेकांना चिकटू देत नाही. जन्मानंतर ते हळूहळू कमी होते आणि मोठ्यांचे हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. एसएस बाळात ते मोठ्यांचे हिमोग्लोबिनच सिकलचे असते, म्हणून त्रास सुरू होतो.

हा बदलही एका चिठ्ठीवर अवलंबून आहे. बाळाचे हिमोग्लोबिन बंद करणारे एक प्रथिन आहे, बीसीएल-११ए. बाळ पोटात असते तेव्हा ‘लिन-२८बी’ नावाचे आरएनए धरणारे प्रथिन बीसीएल-११एच्या चिठ्ठीला धरून ठेवते आणि ती वाचू देत नाही. २०२० मध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. जन्मानंतर लिन-२८बी कमी होते, चिठ्ठी वाचली जाते आणि बाळाचे हिमोग्लोबिन बंद पडते.

हायड्रॉक्सीयुरिया वेगळ्या वाटेने तिथेच पोचते. मज्जेतल्या भराभर दुभंगणाऱ्या पेशी थबकल्या की रक्ताची तूट भरायला मज्जा कोवळ्या पेशींना घाईने पुढे पाठवते. या कोवळ्या पेशींत बाळाचे हिमोग्लोबिन बनवण्याची क्षमता जास्त असते. एचबीएफ वाढते आणि पेशी वाकणे कमी होते. शिवाय रक्तवाहिनीत चिकटून अडथळा वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशीही थोड्या कमी होतात. म्हणजे कॅन्सरमध्ये आणि सिकलसेलमध्ये गोळी एकच आहे, लगाम तोच आहे, पण लगाम लावण्याचा हेतू वेगळा आहे.

पुरावा काय?

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात सिकलसेलचे २९९ प्रौढ रुग्ण होते. गोळी घेणाऱ्यांना वर्षाला साधारण अडीच क्रायसिस आले, खोटी गोळी घेणाऱ्यांना साडेचार. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरलेल्या मुदतीआधी थांबवला. त्याच रुग्णांकडे नऊ वर्षांनी पाहिले तेव्हा, ज्यांनी गोळी घेतली त्यांच्यातले मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेत सिकलसेलसाठी १९९८ मध्ये मोठ्यांना आणि २०१७ मध्ये मुलांना या औषधाची अधिकृत मान्यता मिळाली. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या कमी डोसनेही आपल्याकडच्या मुलांचे क्रायसिस कमी झाले.

‘या गोळीने कॅन्सर होतो का?’ हा प्रश्न मला प्रत्येक आई विचारते. सिकलसेलच्या रुग्णांना वर्षानुवर्षे गोळी देऊन पाहणी झाली आहे, आणि त्यांच्यात कॅन्सर वाढल्याचे दिसलेले नाही. उलट, क्रायसिस, फुफ्फुसाचा त्रास आणि वारंवार रक्त चढवणे कमी झाल्याचे दिसले आहे.

घरात ही गोळी असेल तर

१. गोळी मनाने सुरू करू नका, मनाने बंद करू नका. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. महिनाभरात गुण नाही म्हणून सोडू नका.

२. सीबीसी तपासणी चुकवू नका. सुरुवातीला साधारण महिन्याला, डोस बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी. लगाम जास्त ओढला गेला तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात. तसे झाले तर डॉक्टर काही दिवस गोळी थांबवतात आणि मग डोस ठरवून पुन्हा सुरू करतात. याचा अर्थ औषध ‘लागले नाही’ असा नाही.

३. रिपोर्टमध्ये ‘एमसीव्ही’ हा आकडा वाढला तर घाबरू नका. गोळी काम करू लागली की लाल पेशी आकाराने मोठ्या होतात. नखे किंवा कातडी थोडी काळसर होऊ शकते.

४. फोलिक अॅसिडची गोळीही देतात. बाया विचारतात, एक गोळी नक्कल अडवते, दुसरी मदत करते, मग दोन्ही का? फोलिक अॅसिड डीएनएचा कच्चा माल बनवायला लागते, आणि मज्जा जास्त राबते म्हणून ते लवकर संपते. लगाम लावला तरी घोड्याला चारा लागतोच.

५. ताप १०१च्या वर गेला, छातीत दुखले, दम लागला, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, “सिकलसेल एसएस आहे.”

६. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गर्भार बाईने ही गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. अंगावर पाजणाऱ्या आईनेही विचारावे. पुरुषांनीही लपवू नये, कारण गोळीने शुक्राणू कमी होऊ शकतात.

७. कॅप्सूल फोडून भुकटी हाताळू नका. लहान मुलाला कशी द्यायची ते डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून समजून घ्या. गर्भार बाईने त्या भुकटीला हात लावू नये.

मागायचे ते मागा

हा आजार अमेरिकेतही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा, म्हणून तिथेही तो बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला. १९७१ च्या सुमारास ब्लॅक पँथर पक्षाच्या तरुण मुलामुलींनी वस्त्यांमध्ये जाऊन सिकलसेलच्या मोफत तपासण्या सुरू केल्या. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या आपल्या दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, ती हीच संघटना. सरकार हलायच्या आधी वस्तीने स्वतःचे रक्त तपासले, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आहे आणि आदिवासीबहुल भागांतल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचे तेव्हा ठरवले होते. चांगली गोष्ट आहे. पण शहरातल्या आपल्या वस्त्यांतही एसएस मुले आहेत, हे आपण सांगितल्याशिवाय मोजले जाणार नाही. आशाताईला विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, विहारात शिबिर मागा. हायड्रॉक्सीयुरिया देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. सरकारी दवाखान्यात ते नाही म्हणाले, तर ‘का नाही’ हे लेखी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

आता जनुक दुरुस्त करणारा उपचारही निघाला आहे. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तो मज्जेच्या पेशींत बीसीएल-११एलाच कमजोर करतो, म्हणजे बाळाचे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे. तो आपल्या वस्तीपर्यंत कधी आणि कोणत्या भावाने येईल, यासाठी भांडावे लागेल. तोपर्यंत आपल्या हातात आहे ती ही साधी कॅप्सूल.

त्या दिवशी शिबिरात मी पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि बॉबिन-धाग्याची ही सगळी गोष्ट त्या बाईला सांगितली. ती स्वतः ब्लाउज शिवते, तिला लगेच समजली. आधी सीबीसी केली, मग डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. मुलगी यंदा नववीत आहे. दुखणे पूर्ण गेलेले नाही, पण दिवाळीपासून भरती व्हावे लागलेले नाही.

तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कोणाची गोळी अशीच बंद पडली असेल, तर जुनी फाइल घेऊन या आठवड्यात ओपीडीत जा. घरी उरलेल्या पाकिटातून परस्पर सुरू करू नका, आधी रक्त तपासा. आणि डॉक्टर घाईत असले तरी विचारा, “ही गोळी माझ्या लेकराला कशासाठी?” उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.